पिंजऱ्यांखालचा गाळ

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘गाळवाली’ म्हणत. एकोणीस वर्षं ती समुद्रतळाचा गाळ चाळणीवर धूत आली होती. उरतील ते जीव चिमट्याने वेचायचे, प्रकारवार लावायचे, मोजायचे.

त्या आठवड्यातल्या बरण्या मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांखालच्या होत्या. खाडीत जाळीचे चौदा पिंजरे, आणि त्यांची देखरेख करणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा भपकारा आला. माशांची विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य तळाशी साचून गाळ काळाठिक्कर पडला होता. त्यात फक्त लाल, दोऱ्यासारखे किडे एकमेकांत गुंतून पडले होते. पिंजऱ्यांपासून दूरच्या बरणीत मात्र शिंपले, गोगलगायी, खेकड्यांची पिल्लं. एकतीस प्रकार.

दुपारी भाऊ आला. सगळे जेवायला गेले होते.

“ताई, जीव आहेत ना त्यात?”

“सहाशे. पण प्रकार दोनच. बाकीचे गुदमरतात, तिथे हे माजतात.”

“मग त्या दूरच्या बरणीच्या ताटलीतले थोडे ह्यात टाक. समुद्र काय बोंब मारणार आहे?”

“तू जा इथून.”

“माझ्या हाताखाली बावीस माणसं आहेत, पिंजरे बंद झाले तर कुठे जातील? किडे मोजतेस, ती कोण मोजणार?”

चिमटा हातात होता, दोन ताटल्यांमध्ये वीतभर अंतर. बाहेर पावलं वाजली. दोघांनी दाराकडे पाहिलं. पावलं पुढे निघून गेली.

“टाक ना, ताई,” तो कुजबुजला.

तिचा हात उचलला गेला होता, हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. मग तिने चिमटा ठेवला, दोन्ही ताटल्या झाकल्या आणि त्या घेऊन थेट प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या खोलीत गेली.

“हे पिंजरे माझा भाऊ सांभाळतो. आधीच सांगायला हवं होतं. माझ्यासमोर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या.”

मॅडम तिला खूप बोलल्या. मोजणी मात्र तीच निघाली. सात पिंजरे वर्षभरासाठी बंद झाले, उरलेले जोराच्या प्रवाहात हलवले. आठ माणसं घरी बसली. भावाची नोकरी राहिली, पण कामगारांकडून ‘घरभेदीचा भाऊ’ हे ऐकून ऐकून त्याने बहिणीचा उंबरा सोडला. आई म्हणायची, “एक मोजते, दुसरा पोसतो, आणि दोघांच्या जात्यात मी भरडली जाते.”

वर्षाने बंद पिंजऱ्यांखालच्या बरण्या आल्या. त्या घेऊन भाऊच प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. मॅडमनी एका नव्या मुलीला मोजायला बसवलं. गाळवाली भिंतीशी उभी राहिली, तो स्टुलावर बसला. दीड तास मोजणी चालली.

“नऊ प्रकार,” मुलगी म्हणाली.

“दूरच्या बरणीत एकतीस होते ना?” त्याने बहिणीकडे न बघता विचारलं.

“हो. वेळ लागेल.”

तो उठला.

“चहा?” तिने विचारलं.

“अर्धाच,” म्हणत तो पुन्हा बसला.