मुंग्यांचा खडू

लोकांना शिकवायची मला खोड आहे, आणि कासव घरात आलं तेव्हा तिला ऊतच आला. मुलीच्या हट्टापायी आणलेलं ते जमिनीवर राहणारं कासव. परदेशी जातीचं, रीतसर नोंदणी केलेलं. आपल्याकडचं नक्षीदार पाठीचं कासव पाळायला बंदी आहे, हे माजिवड्यातल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटेल त्याला मी ऐकवत असे. कुणी म्हणालं, "लक्ष्मी आली हो घरात, उत्तरेला पाण्यात ठेवा," की मी त्याची शिकवणीच घ्यायचो. पाण्यात ठेवलं तर हे बुडून मरेल, एवढंही लोकांना कसं कळत नाही, याचं मला खरोखर आश्चर्य वाटायचं.

त्याच्यासाठी मी हॉलमध्ये चार फुटी पेटी करून घेतली. तिन्ही बाजूंनी लाकूड, पुढून काच. तळाला विटांचे तुकडे, त्यावर माती आणि नारळाचा भुसा, वर वाळलेली पानं. दूर्वा लावल्या, घोळ लावली, मागच्या बाजूला एक जास्वंद. एका कोपऱ्यात उबेचा दिवा. पण खरी गंमत मातीत होती. तिच्यात मी गांडुळं सोडली, आणि कुंडी उचलली की खाली दिसतात ते, बोट लागताच गोळी होणारे करडे किडे. कासवाची शी आणि कुजलेली पानं खाऊन तेच पेटी साफ ठेवतात. माणसाने फक्त रोज सकाळी फवाऱ्याने पाणी मारायचं आणि लुडबुड करायची नाही.

आई तेव्हा डोंबिवलीहून महिनाभर राहायला आली होती. वय अठ्ठ्याहत्तर. कुणाचं बारसं कधी झालं, कुणाच्या लग्नात पंगतीला काय होतं, सगळं तिला तोंडपाठ. वडील गेल्यावर ती तिकडे एकटी राहते ती याच जोरावर. "माझं डोकं शाबूत आहे तोवर मी कुणावर भार होणार नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. पेटी बघून ती म्हणाली, "अरे, आम्ही जन्मभर घरातले किडे बाहेर टाकले, आणि तू हौसेने आत आणतोस?" मी तिचीही शिकवणी घेतली. तिने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

तीन आठवड्यांनी कासवाने खाणं सोडलं. मान बाहेर काढेना, पाय ओढायला लागलं. माती उकरली तर करडे किडे मरून पडलेले आणि गांडूळ औषधालाही नाही. मुलगी रडायला लागली. नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटसुलट करून पाहिलं, पेटीची सगळी माहिती घेतली आणि विचारलं, "घरात मुंग्यांचा खडू लावता का?"

पुढचं काही ऐकायची मला गरजच वाटली नाही. आई जाईल तिथे खडूची पांढरी रेघ. लाडवांच्या डब्याभोवती रेघ, देवघराच्या पायाशी रेघ. घरात शिरलो आणि चपलाही न काढता तोंड सोडलं.

"आई, पेटीला खडू लावलास ना?"

"नाही रे. मुंग्या दिसल्या म्हणून पुढे हळद टाकली नुसती. खडू त्या जनावराला बाधला असता."

"हळद म्हणे! काय टाकलंस ते आठवतं तरी का तुला आता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. मी खाली जाऊन रिक्षा थांबवली आणि मनात म्हटलं, बरं झालं. हे लिहितानाही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

रविवारी पेटी रिकामी करायला घेतली. काचेच्या बाहेर, कडेने, हळद होती. खरोखरच हळद. मग जास्वंद उपटली, आणि तिच्यामागे फळीच्या आतल्या अंगाला पांढरी रेघ दिसली. जाड, दोनदा गिरवलेली. आईचा हात तिथवर पोचलाच नसता. आणि मला लख्ख आठवलं. पहिल्याच आठवड्यात, ऑफिसचा फोन कानाशी धरून मी पेटीपाशी उभा होतो. मुंग्यांची रांग जास्वंदीच्या फुलाकडे निघालेली. बोलता बोलता स्वयंपाकघरातून खडू आणला आणि ओढला. लहानपणापासून मुंगी दिसली की खडू, त्यात विचार कसला करायचा! रोज सकाळी मी मारलेलं पाणी त्या रेघेवरून ओघळून मातीत जात होतं.

मी फळी घासून काढली आणि कुणाला काही सांगितलं नाही. नवी माती भरली, नवी जास्वंद लावली. दहा-बारा दिवसांनी कासवाने जास्वंदीचं पान तोडलं, मुलगी नाचली. आई फोनवर एवढंच विचारायची, "खातं का रे ते?" मी "खातं" म्हणायचो आणि फोन ठेवायचो. असे तीन आठवडे काढले. भित्रेपणाला दुसरं नाव नाही.

शेवटी डोंबिवलीला गेलो. दार शेजारच्या काकूंनी उघडलं. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बस, चहा टाकलाय." काकू हळूच मला म्हणाल्या, "अरे, हल्ली चहा ठेवला की मला बोलावून घेतात. गॅस बंद झाला का ते बघायला. कपाटाची किल्लीपण माझ्याकडेच दिलीये."

आईने ते ऐकलं असावं. "मग काय करू?" ती बाहेर येत म्हणाली. "त्या मुक्या जिवाला मारलंच होतं मी. खडू लावला आणि वर हळद, हळद म्हणत बसले. मला तर अजून हळदच आठवते बघ."

मी तिथेच, काकूंसमोर, सगळं सांगून टाकलं. फोन, मुंग्या, फळी, माझा हात. चूक माझी होती, तुझी नव्हती, हे तीनदा म्हणालो. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"राहू दे रे. मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस. तू कशाला खडू लावशील? तुला तर त्यातलं सगळं कळतं."

मग काकूंकडे वळून तिने विचारलं, "गॅस बंद केला ना गं मी?"