काकूच्या विहिरीत माझी जांभळी साडी

त्या वर्षी आमच्या घरात आदल्या हंगामाचा कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता आणि अंगावर सगळ्यांच्या नायलॉन. भाव नाही म्हणून कापूस विकायचा नाही, आणि सुती साडी तर आपल्याला परवडायची नाही. आता बोला!

ही नायलॉनची लुगडी धुतली की धागे सुटायचे. ते पाणी नालीनं शेजारच्या काकूच्या विहिरीपाशी जायचं, तुंबलं की आत उतरायचं. विहिरीला कठडा नव्हता. आम्हीही त्याच विहिरीचं पाणी प्यायचो, आमच्याकडे दुसरं होतंच कुठं? एक दिवस काकू पाणी गाळायचं फडकं घेऊन दारात उभी राहिली. फडक्यावर जांभळे धागे.

"हे तुह्याच साडीचे हायेत. हे बंद होत नाही, तोवर माह्या विहिरीत दोर टाकू नको."

आता त्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, नदीनं समुद्रात जातं म्हणतात. समुद्रात जाईल तेव्हा जाईल, आधी ते काकूच्या फडक्यात आलं.

मी यांच्या मागे लागले. यांनी अंगणात शोषखड्डा खणला, त्यावर बुडाला भोकं पाडलेलं मडकं बसवलं. मडक्यात नारळाच्या शेंड्या भरायच्या असतात, म्हणजे कचरा अडतो. पण हे म्हणाले, घरात एवढा कापूस पडून आहे, शेंड्या कायले आणायच्या? सरकीसकट कापूस कोंबला. धागे अडले, काकूनंही दोर टाकू दिला, आणि हे गावभर सांगत सुटले.

ओली सरकी दुसरं काय करणार? उगवली. मडक्यात पऱ्हाटीची रोपं दाटली, मुळांनी भोकं बुजली, आणि धुण्याचं पाणी अंगणातून पुन्हा विहिरीकडे निघालं. काकूनं आमचा दोर काढून आमच्या ओट्यावर आणून टाकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी रोपं उपटायला बसले, तर हे मागे येऊन उभे.

"एक राहू दे," म्हणाले. "वावरात तं यंदा एकही जगलं नाही."

खरंच होतं. दुबार पेरणीसुद्धा करपली होती. पण पाण्यावाचून मीही जगणार नव्हते. सगळी उपटली. मुळांना माझीच साडी गुंडाळलेली.

मग यांनी दुपारभर बसून कापसातली सरकी काढली, नुसती रुई मडक्यात भरली. पाणी जिरायला लागलं. काकू येऊन पाहून गेली आणि संध्याकाळी म्हणाली, ने पाणी.

मी पहिला गुंड, म्हणजे पितळी घागर, भरून ओट्यावर ठेवला आणि चूल पेटवायला आत गेले. परत येते तर गुंड रिकामा. कुंपणाशी एक उपटलेलं रोप पुन्हा लावलेलं, बुडाशी चिखल, आणि हे शेजारी उकिडवे बसलेले.

या माणसाचं काय करावं, सांगा. मी गुंड उचलला आणि पुन्हा विहिरीकडे गेले.