एक, तीन, चार, दोन

मिस्त्रींचा एक मंत्र साऱ्या गॅरेजवाल्यांना पाठ होता : एक तार काढा, एक तार लावा, मगच दुसरीला हात. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतः तो कधी मोडला नव्हता. आज सकाळी साडेसातला मात्र स्वतःच्याच दारात ते स्वतःच्याच व्हॅनपुढे उभे होते, आणि प्लगच्या चारही तारा त्यांच्या मुठीत होत्या.

व्हॅन एकतीस वर्षांची. आठवड्यातून तीनदा ती त्यांच्या बायकोला डायलिसिसला नेई. चाकाच्या खुर्चीसकट ती मावेल अशी दुसरी गाडी गल्लीत नव्हती. परवा व्हॅन रस्त्यातच बंद पडली आणि डायलिसिस चुकलं. तेव्हापासून बाईंचे पाय सुजून खांबासारखे झाले होते, पाठ टेकली की धाप लागत होती. आजची नऊची वेळ चुकून चालणारच नव्हतं.

दोष मिस्त्रींनी बरोबर ओळखला होता. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला बारीक चीर गेली होती. नवी कॅप, नवा रोटर, नवे प्लग, सगळं नीट बसलं. जुन्या कॅपवर त्यांनीच मारलेल्या ओरखड्यावरून पहिल्या तारेची जागाही सापडली. पुढच्या तीन तारा कुठल्या क्रमानं लावायच्या, ते आठवेना.

"अहो, झालं का?" दारातल्या खुर्चीतून बाईंनी विचारलं.

"होतंय."

त्यांनी एक, दोन, तीन, चार अशा ओळीनं तारा खोचल्या आणि चावी फिरवली. फाट्दिशी आवाज झाला. व्हॅननं गचका खाल्ला आणि बंद पडली.

त्या आवाजानं त्यांची धाकटी लेक बाहेर आली. धाकटी म्हणजे दोघी बहिणींतली; चार भावंडांत तिचा नंबर दुसरा.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. बॅटरी."

बॅटरी नव्हे, हे बाईंना कळलं. गेले दोन महिने मिस्त्रींची कधी दोनदा आंघोळ, कधी फ्रिजमध्ये चष्मा. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं, बाईंनीही. आता मिस्त्री पुन्हा चारही तारा काढून तळहाताकडे बघत होते. ओठ हलत होते.

"अगं," बाई लेकीला म्हणाल्या, "लहानपणी बाबा तुम्हा चौघांना जेवायला कसे बोलवायचे?"

"हे काय आत्ता? आठ वाजले, आई!"

"सांग गं."

"एक, तीन, चार, दोन! मी दुसरी, आणि हाक शेवटी. भाजी संपलेली असायची. भांडले की म्हणायचे, इंजिनला विचार, ओळीनं पेटवलं तर ते थरथरून मरेल."

बोलता बोलता तिचं लक्ष बापाच्या मुठीतल्या चार तारांकडे गेलं.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "पुन्हा म्हण," ते हळूच म्हणाले.

ती म्हणत गेली, ते लावत गेले. तारा घट्ट बसवणारी बोटं मात्र पूर्वीचीच होती. व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू झाली, एकसारखी, शांत.

फळी टाकून खुर्ची आत चढवली. मिस्त्रींनी हात पुसले आणि चावी लेकीपुढे धरली.

"मी? बाबा, तुम्ही तर कुणाला हात लावू देत नाही हिला."

"रस्ता तुला माहीत आहे ना?"

"हो."

"मग तूच चालव."

ते मागे बायकोच्या खुर्चीजवळच्या बाकड्यावर बसले. या व्हॅनमध्ये ते पहिल्यांदाच मागे बसत होते. बाईंनी त्यांचा काळा हात आपल्या सुजल्या हातात घेतला. पहिलं वळण आलं तेव्हा ते पुटपुटत होते, "एक... तीन... चार..." आणि थांबले.

"दोन," लेक पुढून म्हणाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.