शाळेच्या टाकीतलं वरचं पाणी

मी विज्ञान शिकवायचे, म्हणून टाकी माझ्या गळ्यात पडली. पेणच्या खाडीकडच्या एका गावात आमची शाळा होती. मी राहायचे रोह्याला. नवरा धाटावला कंपनीत शिफ्टवर, आणि मी सकाळी एसटीनं पेण गाठून पुढे सहा आसनी रिक्षेनं शाळेत. गावात पाऊस असा पडायचा की शेजारच्या वर्गातला आवाज ऐकू येत नसे. आणि त्याच गावात होळीनंतर टँकरची वाट बघत बायका रस्त्यावर हंडे मांडून बसायच्या. शाळेत विहीर होती, पण तिच्या पाण्यात डाळ शिजत नसे. मुलं घरून बाटली आणायची, ती मधल्या सुट्टीत संपायची, आणि शेवटच्या तासाला कोणाचंच लक्ष फळ्याकडे नसायचं.

मग एका वर्षी तालुक्याहून योजना आली. शाळेच्या पत्र्यांना पन्हळी बसल्या, अंगणात जमिनीखाली सिमेंटची टाकी बांधली. वर लोखंडी झाकण, कडेला हातपंप. मुख्याध्यापकांनी झाकणाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाई, हा तुमचाच विषय."

माझा विषय पुस्तकातला होता. पाऊस, बाष्पीभवन, बाण काढलेली जलचक्राची आकृती. टाकीचं मला काहीच कळत नव्हतं, पण तसं सांगायचा धीर झाला नाही.

श्रावणातच टाकी काठोकाठ भरली. गावच्या सभेत ठरलं की पाऊस पूर्ण थांबल्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर पंप सुरू करायचा, आणि पाणी फक्त मुलांच्या पिण्यासाठी. खिचडीलासुद्धा नाही.

सुट्टी संपली. मी एका वेताच्या काठीवर रंगानं खुणा केल्या आणि रोज मधल्या सुट्टीत झाकण उघडून पाणी मोजायला लागले. वहीत लिहायचे. पहिल्या दिवशीच गोंधळ झाला. टाकी भरलेली असायला हवी होती. ती चांगली वीतभर खाली होती. मी म्हटलं, आटलं असेल. पण झाकणाखाली वीतभर आटतं कसं? मग दोन दिवसांनी पाणी चार बोटं चढलेलं दिसलं. आकाश कोरडं ठणठणीत, मुलं रोज पितायत, आणि पाणी चढतंय! मी काठी पुसून पुन्हा बुडवली. तेच. मी वहीतला आकडा खोडला, परत लिहिला. पुढच्या आठवड्यात ते हळूहळू खाली गेलं, मुलांनी प्यायलं त्याच्या कितीतरी जास्त.

त्यात आणखी एक. सातवीतली एक मुलगी पंपावर पाणी प्यायली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "बाई, खारं हाय."

"पावसाचं पाणी खारं कसं असेल?" मी झाकण उघडलं, तांब्या बुडवला, सगळ्यांसमोर प्यायले. गोड होतं. अगदी गोड. "बघा," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी पुन्हा म्हणाली, खारं. तिच्यामागे आणखी चार जणी. मी पुन्हा तांब्या बुडवून प्यायले. गोड. मला वाटलं, एक बोलली म्हणून बाकीच्या बोलतात. मुलं असं करतात. पण मग बाटल्या पुन्हा घरून यायला लागल्या, आणि पंपाजवळ कोणी फिरकेना.

टाकी बांधणाऱ्या साहेबांना निरोप दिला. ते आले, झाकणातून डोकावले, म्हणाले, "टाकीत काही दोष नाही. कोणीतरी पाणी नेत असेल. गाव आहे, बाई." आणि मोटरसायकलवर बसून गेले.

पाणी खाली जाण्याचं उत्तर मिळालं असं मला वाटलं. वर चढतं त्याचं काय, हे मी सोयीनं विसरले. शाळा सुटल्यावर आवारात मागे राहणारी एकच व्यक्ती होती, खिचडी शिजवणाऱ्या मावशी. भांडी घासून, ओटा पुसून त्या शेवटी निघायच्या. पन्नाशीच्या, काटक, बोलायला कमी. अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं, तळपाय भेगाळलेले. त्यांच्याबरोबर मी दोन वर्षं जेवत होते. त्यांच्या हातचा ठेचा मी डब्यातून रोह्याला नेत होते. तरी त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि विचारलं, "मावशी, सुट्टीत टाकीचं पाणी कोणी नेलं का?"

त्यांनी पातेल्यातला डाव थांबवला. माझ्याकडे बघितलं. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पुन्हा ढवळायला लागल्या.

ते गप्प राहणं मला कबुलीसारखं वाटलं. आणि लगेच मला स्वतःचीच लाज वाटली. रिक्षेत बसेपर्यंत मी तीनदा मत बदललं.

पुढे जे झालं ते सांगायला आजही जड जातं. त्या सातवीतल्या मुलीनं वर्गात पुन्हा पाण्याचा विषय काढला आणि माझा तोल गेला. "खोटं बोलतेस. उभी राहा." ती उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "बाई, आईची शपथ, खारं हाय." मी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं.

मधल्या सुट्टीत मावशी हात पुसत वर्गाच्या दाराशी आल्या. कधी यायच्या नाहीत.

"बाई, ती पोर खोटं नाय बोलत. चला माज्याबरोबर."

अंगणात जाऊन त्यांनी मला झाकण उघडायला लावलं. तांब्या बुडवून माझ्या हातात दिला. "प्या." गोड. मग त्यांनी पंप हापसला, ओंजळीत पाणी धरलं. "आता हे प्या." मी प्यायले. खारट. थुंकलं नाही, पण तोंड वाकडं झालंच.

"एकाच टाकीतलं?"

"व्हय. खारं पानी जड. तळाला बसतं. गोडं त्याच्या डोक्यावर. मिठाच्या आगरात अवकाळी पाऊस पडला का आमी काय करतो? वरच्या वर गोडं पानी सोडून देतो, खालचं खारं तसंच राहतं. तुमचा तांब्या वर, पंपाची नळी खाली."

घनता मी आठवीला शिकवत होते. अंडं मिठाच्या पाण्यात तरंगतं, हा प्रयोग दरवर्षी करत होते. आणि रोज वरचा तांब्या पिऊन मुलांना खोटं ठरवत होते.

"पण खारं आलं कुठून?"

"खाडीतून. टाकी खालून फुटलेली हाय कुठंतरी. पुनवेला, अवसेला भर दुपारी भरती येते, तवा पानी आत येतं. अष्टमीला दुपारची ओहोटी, तवा भायेर जातं. अवसेला परत चढतंय का नाय बघा."

मी वही उघडली. पौर्णिमेला चढलेलं होतं. अष्टमीच्या आसपास उतरलेलं. अमावास्येला मी सकाळी आणि दुपारी असं दोनदा मोजलं. एकाच दिवसात पाणी तीन बोटं चढलं. वर ऊन, टाकीवर कुलूप, आणि आत भरती.

त्या मुलीला मी वर्गासमोर सांगितलं की चूक माझी होती. ती उभी होती, लाजून हसली आणि आता बसू का, असं तिनं विचारलं. मावशींची माफी मागायला मी स्वयंपाकघरात गेले.

"मी तुमच्यावर संशय घेतला, मावशी. पाणी तर खाडी नेत होती."

त्या तांदूळ निवडत होत्या. सुपाकडेच बघत म्हणाल्या, "मी पन दोन कळशा नेल्या, बाई. सुट्टीत. लेक बाळंत झालेली, टँकर अजून चालू झालेला नाय. तिनं पयला घोट घेतला आणि थुकली. तवाच मला कळलं का टाकीत खारं शिरलंय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? चव कशी कळली म्हनून इचारलं असतं."

मी माफी मागून बसले होते, आणि आता ती परत घ्यायची की ठेवायची हे मला कळेना. दोन कळशा पाणी, बाळंतिणीसाठी. याला चोरी म्हणायला जीभ वळत नव्हती. पण सभेत नियम झाला तेव्हा मीच हात वर केला होता. मावशींनी मला ताक दिलं, मी प्यायले.

उन्हाळ्यात टाकी उपसली तर तळाच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट निघाली. ती बुजवून भागणार नव्हतं, भरतीनं दुसरीकडून वाट काढलीच असती. गावानं चौथऱ्यावर दोन मोठ्या काळ्या टाक्या बसवल्या आणि पन्हळी त्यांना जोडल्या. पुढच्या वर्षी मुलं परीक्षेपर्यंत शाळेतलंच पाणी प्यायली. वरचं-खालचं सारखंच गोड.

मुख्याध्यापकांनी तालुक्याला लिहून कळवलं की विज्ञान शिक्षिकेनं चिकाटीनं नोंदी ठेवून गळती शोधली. पालकसभेत मला नारळ आणि शाल दिली. मला बसवेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, "हे मी नाही शोधलं. आपल्या खिचडीच्या मावशींनी शोधलं. त्यांनी चव घेऊन सांगितलं." लोकांनी वळून मागे बघितलं. टाळ्या वाजल्या. मावशींनी पदर तोंडावर ओढला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मला वाटलं, लाजल्या. मी शाल घेऊन मागे गेले, त्यांच्या खांद्यावर घालावी म्हणून. त्या भडकलेल्या होत्या.

"माजं नाव कशाला घेतलंत? आता बायका इचारतील, पंपाचं पानी तू कवा प्यालीस? ते पोरांचं पानी."

"मुलांनीही सांगितलं होतं ना खारं आहे म्हणून. कोणाच्या मनात येणार नाही."

"तुमी रोह्याला जाता संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "मला हितंच राहायचं हाय."

कोणी विचारलं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या डब्यात न विचारता ठेचा घातला. पुढे माझी बदली कोलाडकडच्या शाळेत झाली. श्रेय दिलं नसतं तर चूक झाली असती, आणि दिलं तेव्हाही चूकच झाली. मग नेमकं काय करायला हवं होतं? मी शिक्षिका आहे, मला उत्तर माहीत असायला हवं. ती शाल मी बरीच वर्षं वापरली, पण पेणच्या बाजूला जाताना कधी अंगावर घेतली नाही.