पायातलं काढायचं नाही

शेवटच्या संध्याकाळी कस्तुरानं माझ्या पायाची नखं काढली. मला वाकता येत नाही, म्हणून दर रविवारी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून बायको माझा पाय मांडीवर घ्यायची. त्या दिवशी म्हणाली, "म्हातारं त्या दारावरनं कवा जाणार हाय?" मी म्हणालो, "गप नखं काढ." दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. दुखणं नाही, खुपणं नाही.

गावात राहिलेल्यांनो, ते दार तुम्हाला सांगायला नको. बाहेर पडलेल्यांच्या पोरांसाठी लिहितो. आमचं गाव मंद्रूपच्या पुढं. तिथं मालकांच्या दारावरून जाताना आमच्यासारख्यांनी पायातलं काढून हातात घ्यायचं. कुठल्या कायद्यात नव्हतं, पण होतं. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्या दारावरून चाललो होतो. चैत्रातली दुपार, फुफाटा भाजत होता, कस्तुरा सात महिन्यांची पोटुशी. मालक ओट्यावरून म्हणाले, "पायातलं."

ती थांबली. "पाय माझा हाय, मालक. जलमताना संगं आणलाय. तुमी दिला न्हाय."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी वाकलो. बायकोच्या पायातल्या चपला मीच काढल्या आणि हातात घेऊन पुढं चालायला लागलो. मालकांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. केलं ते मी. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

घरी आल्यावर तिनं पाय पाण्यात बुडवले. "उद्या मी सोलापूरला जाणार. तुमाला यायचं आसंल तर मालकाला इचारून या."

सकाळी ती चपला घालून त्या दारावरून गेली. मी बोचकं घेऊन मागच्या ओढ्याकडनं. असं आम्ही गाव सोडलं.

चादरीच्या कारखान्यात लागलो. पहिल्याच दिवशी शेठच्या केबिनवरून चपला हातात घेऊन गेलो. शेठ म्हणाले, "हितं देऊळ हाय का रे?" सगळी पोरं हसली. घरी सांगितलं तर कस्तुरा हसली नाही. म्हणाली, "मालक तुमच्या बोचक्यात बसून आलाय की."

तिनं टॉवेलाचे गोंडे वळून लेक शिकवली, नर्स केली. लग्नाकार्याला गावी जायची ती पुढच्या रस्त्यानं. मी चाळीस वर्षं ओढ्याकडनं.

ती गेल्यावर तेरा दिवस अनवाणी राहिलो. नवी पेठेत डांबर तसंच भाजत होतं. पण कुणी सांगितलं म्हणून काढल्या नव्हत्या, तिच्यासाठी मी काढल्या होत्या. शाळा कमी झाली माझी, पण एवढ्यातला फरक पायाला कळला.

तेराव्याला लेक म्हणाली, "आबा, घाला आता चप्पल."

दुसऱ्या दिवशी सकाळी घातली. पहिली एसटी धरली. गावात उतरून भर रस्त्यानं, फटफट वाजवत, त्या दारावरून गेलो. ओट्यावर मालकांची सून ज्वारी पाखडत होती. "कोण पायजे, मामा?"

"कुणी न्हाय, बाई. रस्त्यानं चाललोय."

"बरं," म्हणाली, आणि पाखडायला लागली.

एवढंच होतं. एवढ्यासाठी माझा जन्म ओढ्याकडनं गेला.

वेशीपर्यंत गेलो, वळलो, परत त्याच दारावरून आलो. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कुटं जायचं, आजोबा?"

म्हणालो, "घरी. सोलापूरला."