चार वाजता मराठी माणूस

पाहुण्यांना फिरवणाऱ्याला गोष्टी जमवाव्या लागत नाहीत. तंजावूर-पापनाशम रस्त्यावर भातशेतांच्या मधोमध आमचं हॉटेल. अकरा वर्षं मी तिथून लोकांना देवळं, धरणं, कालवे दाखवत होतो. संध्याकाळी चप्पल झटकली की दोन किस्से पडायचे. बोलतो मी, लिहून घेते केतकी. माझी मराठी तिने सुधारली आहे, तेव्हा गोड मानून घ्या.

हॉटेलने मला ठेवलं ते पुण्या-नाशिकचे पाहुणे येतात म्हणून. पहिल्याच सहलीला मोठ्या देवळात एका बाईंनी विचारलं, "मराठी कुठे शिकलात?"

"घरातच, अम्मा. आमच्याकडे सगळे हेच बोलतेत."

"अरे वा. थोडं अशुद्ध आहे, पण बोलत राहा, जमेल."

साडेतीनशे वर्षं बोलतोय आम्ही. अजून जमायचंय.

*

एकदा मे महिन्यात एका कुटुंबाला कावेरी दाखवायला नेलं. नुसती वाळू! वरचं धरण जूनमध्ये उघडतं, तोवर आमचे शेतकरीसुद्धा वाटच बघतात. साहेब चिडले. "वेबसाइटवर तर पाणी आहे." त्यांनी लेखी तक्रार केली. मॅनेजर कोइमतूरचा. मला तमिळमध्ये म्हणाला, "सार, पुढच्या वेळी पाणी असेल असं बघा."

*

मोठ्या देवळाच्या भिंतीवर आमच्या राजांचा मराठी शिलालेख आहे. मी तमिळ शाळेत शिकलो, देवनागरी मला वाचता येत नाही. पण अप्पांनी, माझ्या वडिलांनी, त्याच्या पहिल्या काही ओळी माझ्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. भिंतीवर बोट फिरवत मी त्या म्हणायचो, पाहुणे हात जोडायचे. एक दिवस एक चष्मेवाली मुलगी, असेल आठ वर्षांची, म्हणाली, "आजोबा, तुमचं बोट दुसऱ्याच ओळीवर आहे."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

*

पुढच्या महिन्यात केतकी आली. पुण्याची, मराठीत एम.ए. मॅनेजर म्हणाला, "हिला सगळं शिकवा." आठ दिवस शिकवलं. कुठल्या दारात दुपारी पाय भाजतात, कुठला मूर्तिकार कंटाळा न करता साचा दाखवतो, अप्पांनी पाठ करून घेतलेल्या ओळीसुद्धा. नवव्या दिवशी पाहुण्यांची गाडी तिला मिळाली. पोरगी वाईट नाही. हे लिहिताना तिचं पेन थांबलंय.

*

मला काढलं नाही. लॉबीतल्या फळ्यावर नवी ओळ आली: 'दुपारी चार: तंजावूरच्या मराठी माणसाशी गप्पा, कॉफीसह.' केतकीनेच वाचून दाखवली. तेव्हापासून मी हॉटेलचा फेटा घालून झोपाळ्यावर बसतो. लोक म्हणतात, काहीतरी बोला ना. मी बोलतो, ते टाळ्या वाजवतात. लाज वाटते, पण बसतो.

*

गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या चेन्नईच्या ऑफिसची मंडळी बायकामुलांसकट आमच्याच हॉटेलवर सहलीला आली. चार वाजता सगळे झोपाळ्यासमोर. पहिल्या रांगेत माझी नात मीनू. तिला मराठी कळते, बोलते तमिळ. मुलाने दुरूनच, अनोळखी पाहुण्यासारखी मान हलवली.

त्याचे साहेब म्हणाले, "मराठीत काहीतरी बोलून दाखवा."

मी मीनूकडे बघितलं. "काय गे बाळ, जेवण जालं काय?"

"साप्पिट्टेन," ती तमिळमध्ये म्हणाली. जेवले.

साहेब चकित झाले. "अरे, हिला कसं कळलं?"

मुलगा हसून म्हणाला, "अंदाजाने ओळखलं असेल, सर."