मागच्या सीटचा अभ्यासक्रम

मोटारसायकल नीट चालवायला शिकवणाऱ्या वर्गांचा आमच्या थोरल्या साडूंइतका अभ्यास केलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडणार नाही, आणि इतका अभ्यास करून एकाही वर्गाला न गेलेला तर महाराष्ट्रातही नसेल. बदनापुरात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. गिऱ्हाईक सरकी मागायला येतं आणि पुण्याकडे गुडघा जमिनीला टेकवून वळायला कसं शिकवतात, ते ऐकून घरी जातं.

या ज्ञानाच्या ओढीचं मूळ राजूरच्या रस्त्यावर आहे. चतुर्थीला गाडीवरून जोडीनं गणपतीला जायचा त्यांचा जुना नेम. चारचौघांत नवऱ्याला धरणं बरं दिसत नाही, म्हणून ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सीटमागचा कॅरिअर धरून बसायच्या. एकदा गाडी खड्ड्यात उडाली, ताई खडीवर उतरल्या, आणि साडू तुरीच्या भावावर बोलत पुढच्या गावापर्यंत गेले. मागून होकार येत नाही याचं त्यांना नवल वाटलं नाही. तो एरवीही येत नसे. ताईंचा हात मुरगळला, पण लागलं ते वेगळंच. "पडल्याचं काई न्हाई दाजी," त्या मला म्हणाल्या, "ह्यायला कळलंच न्हाई."

तेव्हापासून ताई जीपनं जाऊ लागल्या, आणि साडू रिकाम्या सीटनिशी जीपमागे धूळ खात राजूरपर्यंत. कुठंतरी धड शिकून या, मग बसेन, अशी ताईंची अट. साडूंनी वर्ग निवडायला घेतले. एक बाद, कारण तिथले गुरुजी त्यांच्या मुलापेक्षा लहान. दुसरा बाद, कारण तिथे चामड्याचं जाकीट सक्तीचं. आपल्याकडच्या मे महिन्यात वळण शिकायच्या आत माणूस शिजून निघेल. उरलेल्या सगळ्यांना ते फोनवर एकच प्रश्न विचारत: मागचं माणूस गाडीवर आहे की नाही, हे कसं ओळखायचं? तिकडून फोन ठेवला जाई.

शेवटी संभाजीनगरच्या एका मास्तरांनी फोन न ठेवता जरा विचार केला आणि सांगितलं, मागच्या माणसालाच घेऊन या. साडूंनी हा निरोप कसाबसा घरात सांगितला आणि दुकानात जाऊन बसले. रविवारी सकाळी ताईच हेल्मेट घेऊन दारात उभ्या राहिल्या. मैदानावर मास्तरांची पहिली सूचना ताईंनाच होती: कॅरिअर सोडा, चालवणाऱ्याला धरा. ताईंनी आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही ना, ते पाहून घेतलं आणि साडूंच्या खांद्यावर हात ठेवला.

काय काय शिकलात, असं मी संध्याकाळी विचारलं. ब्रेकवरचं लांबलचक व्याख्यान ऐकायची माझी तयारी होती. साडू एवढंच म्हणाले:

"काई न्हाई साडूभाऊ. सगळं मैदान फिरून आल्तो, पन एक शब्द बोललो न्हाई. हात होता न खांद्यावर."

परवाच्या चतुर्थीला राजूरच्या रस्त्यावर ते दोघं मला पुढं दिसले. इतके सावकाश, की जीपच काय, उसाचा ट्रॅक्टरही त्यांना मागं टाकून गेला. मध्ये गाव लागलं की ताईंचा हात खांद्यावरून निघून कॅरिअरवर जाई, आणि साडू लगेच मान वळवून मागं बघत. कुठल्याही वर्गात ही चूकच ठरली असती. मी आपला त्यांच्या मागं मागं चालवत राहिलो, हॉर्न वाजवला नाही.